शून्य रोध

६ जानेवारी २०२५, सोमवार

नवी वही, नवं शहर, नवी नोकरी. मिरजेहून आणलेल्या दोन बॅगा अजून पूर्ण रिकाम्या केलेल्या नाहीत, पण वही आधी उघडली. अम्मीला रोज फोन करायचं कबूल केलंय. वहीला काहीच कबूल केलेलं नाही, म्हणून तिच्याशी खरं बोलता येईल.

खोली कात्रजला, दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीणबाईंनी किल्ली देताना तीन नियम सांगितले आणि चौथ्याबद्दल विचारायची हिंमत माझ्यात ठेवली नाही. सकाळी साडेसातची बस, स्वारगेटला बदल, नऊच्या आत संस्थेत. गर्दी आहे, पण आज मला सगळंच आवडतंय.

प्रयोगशाळा तळघरात आहे. रस्त्यावरच्या गाड्यांची कंपनं तिथे कमी पोचतात. मधोमध माणसाएवढं स्टीलचं पिंप, क्रायोस्टॅट. त्यात द्रव हीलियम भरलं की निरपेक्ष शून्याच्या जेमतेम चार अंश वर, म्हणजे चार केल्विनपर्यंत, खाली जाता येतं. पिंपावर आमच्या प्रमुख डॉ. सरोजिनी आठल्ये यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘शंका असल्यास विचारावे. शंका नसल्यास जरूर विचारावे.’ मॅडमनी मला हीलियम प्लांट सांभाळणाऱ्या नागोरावांच्या स्वाधीन केलं आणि म्हणाल्या, आपण जर्मनीत दोन वर्षं होतात हे मी अर्जात वाचलंय, पुन्हा सांगण्याची तसदी घेऊ नये. मला हसू आलं. मी खरंच सांगणार होते.

काम लिहून ठेवते, पुढे स्वतःलाच वाचायला बरं. आमचा पदार्थ म्हणजे कॅडमियम आर्सेनाइडचे आरशासारखे चकचकीत स्फटिक. टोपोलॉजिकल सेमीमेटल या जातीचे. धड धातू नाहीत, पण धातू नाहीत असंही नाही, आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन वजनच नसल्यासारखे पळतात. आम्ही वापरतो ते स्फटिक कितीही थंड केले तरी वीज थोडी अडवतातच. त्या अडवण्याला आम्ही रोध म्हणतो. पण चांदीची सुई स्फटिकावर नेमकी टेकवली, तर टेकल्या जागी, आणि फक्त तिथेच, रोध नाहीसा होतो. अतिसंवाहकता. ती चांदीत नाही, स्फटिकात नाही, दोघांच्या स्पर्शात आहे. त्यासाठी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमाव्या लागतात. नेहमीच्या पदार्थांत त्या कशामुळे जमतात ते पुस्तकात सापडतं. इथे कशामुळे जमतात ते कुणालाच ठाऊक नाही. ते शोधायला मला घेतलंय. मला!

९ जानेवारी, गुरुवार

आज तन्वीर भेटला. तन्वीर अत्तार, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पुण्यातलंच जुनं घराणं. वडील अमीनचाचा रविवार पेठेत घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्याकडचं डोळ्याला लावायचं भिंग हा इथे वापरतो. सुई खाली नेणाऱ्या स्क्रूला केसभर वळवतो, थांबतो, परत केसभर. सुई टेकली की स्क्रू हाताला वेगळा लागतो म्हणे. मला तर काहीच जाणवलं नाही.

भिंतीवर त्याचा आलेख चिकटवलाय. पाच केल्विनला रेषा कड्यावरून उडी मारल्यासारखी शून्यावर. जगात फार थोड्यांना हे जमलंय. मी मनापासून अभिनंदन केलं. तो लाजून म्हणाला, आपा, तुम्ही आलात ना, आता नीट कळेल हे का होतं. मला नुसतं करता येतं. त्याने स्वतः वाढवलेल्या स्फटिकांतले तीन उत्तम मला दिले, डबीत कापसावर ठेवून.

चांगला मुलगा आहे.

२२ जानेवारी, बुधवार

अकरा प्रयत्न. अकराही फुकट. सुई टेकते, रोध दिसतो, थंड करते, रोध तसाच. तेच स्फटिक, तीच सुई, तेच पिंप. मध्ये सोमवारी तन्वीरने सहज म्हणून एकदा टेकवली आणि रेषा खाली.

मॅडमना अहवाल दिला. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, हात लागतो, आलिमा. काहींना असतो. मी विचारलं, आणि नसला तर? त्या म्हणाल्या, मग वाचन वाढवावं.

बसमध्ये उभी होते तेव्हा लक्षात आलं की मी तन्वीरच्या हातांचा विचार करतेय. लांब बोटं, स्वच्छ नखं. तेरा वर्षं शिकले मी. अब्बा गेले त्या आठवड्यातसुद्धा परीक्षा दिली. आणि हा दुपारी दोन वाजता डबा खाऊन, हात पुसून, शीळ घालत येतो.

लिहिलं ते वाचून लाज वाटली. खोडणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

जमलं! दुपारी तीन वीसला, सहा केल्विनवर. रोध सरळ शून्य!

क्रमाने लिहिते. मी पिंपाशी बसले होते, रेषा नेहमीसारखी आडवी चालली होती. तन्वीर मागच्या टेबलाशी होता. त्याला फोन आला. एप्रिलमधल्या बंगळूरच्या परिषदेत आमच्या गटातर्फे बोलायला त्याची निवड झाली होती. मॅडमनी नाव पाठवलं होतं. मला विचारलंही नव्हतं. तो घरी सांगत होता, हसत होता, अमीनचाचांचा आनंद फोनमधून माझ्यापर्यंत ऐकू येत होता. माझ्या छातीत काहीतरी पेटलं. खोटं कशाला लिहू, मला त्या क्षणी वाटलं की याचे हात गळून पडावेत. मान वळवून मी त्याच्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं, तर रेषा खाली.

मी ओरडलेच. तन्वीर धावत आला, माझ्याइतकाच खूश. टाळी द्यायला हात पुढे केला आणि मध्येच झटकला. म्हणाला, बोटाला मुंग्या आल्यात.

मॅडम म्हणाल्या, ठीक. पुन्हा करून दाखवा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा करून दाखवलं. चारदा. आता एकोणीस केल्विनला होतंय, तन्वीरच्या कितीतरी वर.

पण एक गोष्ट आहे, ती फक्त इथे लिहिते. तन्वीर खोलीत नसला तर होत नाही. आज तपासलं. त्याला चहा आणायला वर पाठवलं तेव्हा रोध परतला. तो जिना उतरून आला, कप ठेवला, आणि तिसऱ्या आलेखात मला न दिसलेली एक छोटी खाच दाखवून म्हणाला, आपा, या जोड्या बहुतेक उलट्या जातीच्या आहेत, इथे चिन्ह बदलतंय बघा. दोन मिनिटांत. उभ्याउभ्या. मी तीन दिवस त्या आलेखाकडे टक लावून बसले होते. मला तो कप त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला आणि रेषा खाली गेली.

मग त्याच्या हातून चिमटा पडला. उचलताना तो बोटांकडे बघत होता, जणू ती कुणा दुसऱ्याची होती. उजव्या हाताची तीन बोटं बधिर आहेत म्हणाला. डॉक्टरांनी मान अवघडली असेल म्हणून सांगितलं.

मी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. थंड होता. हिवाळ्यातल्या हातासारखा नाही. पिंपातून काढलेल्या दांडीसारखा.

योगायोग असेल. चार मापनं म्हणजे काही पुरावा नव्हे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सत्त्याहत्तर केल्विन. हीलियमची गरजच उरली नाही, साध्या द्रव नायट्रोजनमध्ये रोध शून्य. अशा स्फटिकांत हे कुणीही पाहिलेलं नाही. मॅडम स्वतः तळघरात आल्या, खुर्ची ओढून तासभर पडद्यासमोर बसल्या, आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, हात आहे हो तुम्हाला.

या एका वाक्यासाठी मी काय काय केलं असतं! आणि काय केलंय, तेही मला माहीत आहे. तन्वीर कोपऱ्यात बसला होता, हात कोपरापर्यंत शालीत गुंडाळून. त्याला आता स्क्रू धरता येत नाही. डाव्या हाताने टाळ्या कशा वाजवणार, म्हणून तो टेबलावर थापा मारत होता.

वाटलं होतं, त्याचे हात गेले की माझं काळीज थंड होईल. नाही झालं. आता त्याला स्क्रूही धरता येत नाही, तरी नागोराव जेवायला त्यालाच हाक मारतात. मॅडम वर जाताना त्याच्यापाशी थांबल्या, माझ्याशी कधी बोलत नाहीत इतक्या हळू आवाजात बोलल्या. पडद्यावर रेषा शून्यालाच चिकटून होती.

उद्या मी थांबवू शकते. दोन दिवस अजून आकडे घ्यायचे आहेत, मग नक्की.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तन्वीरला दवाखान्यात ठेवलंय. हात खांद्यापर्यंत गार. रक्त नीट वाहतंय, तरी गार. मज्जातंतूंची तपासणी केली. मनगटाला विजेचा बारीक झटका द्यायचा आणि तो कोपरापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. वेळ लागतच नाही म्हणे. कुठेही न अडता, जराही न विरता पोचतो. डॉक्टरांनी यंत्र बिघडलंय म्हणून दुसरं मागवलं. दुसऱ्यानेही तेच दाखवलं.

हे मला अमीनचाचांनी फोनवर सांगितलं. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी मला विचारलं. बेटा, तू शिकलेली आहेस, याचा अर्थ काय?

मी म्हटलं, मला माहीत नाही, चाचा.

रविवारपासून रोजे. मी ठरवलंय, आता एकही मापन नाही. पिंप गरम व्हायला सोडलंय.

४ मार्च, मंगळवार

दवाखान्यात गेले. रोजा सोडायच्या वेळेला पोचले. अमीनचाचांनी बाहेरच्या बाकावर खजूर पुढे केला, मग स्वतः उठून नळाशी गेले, मला त्याच्याशी एकटीला बोलता यावं म्हणून. या घरातले सगळेच असे आहेत.

तन्वीर बारीक झालाय. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला,

“आपा, तेरा तारखेलाच मला कळलं होतं. तुम्ही चहाला पाठवलंत ना, तेव्हा.”

मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“घड्याळजीचा मुलगा आहे मी. प्रत्येक वेळ लिहून ठेवली. बोट कधी गेलं, रेषा कधी पडली. जुळतंय सगळं.”

“मग तू येत का राहिलास?”

“मलाही बघायचं होतं. आणि म्हटलं, दोन-चार दिवसांत तुमचा राग जाईल. मी काय केलं होतं असं?”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने डाव्या हाताने पांघरूण नीट केलं आणि सांगितलं की मॅडमना त्याने पत्र लिहून दिलंय, शोधनिबंधात पहिलं नाव माझंच हवं, बंगळूरलाही मीच बोलावं. ‘आता तरी माझ्याबद्दल मनात वाईट ठेवू नका,’ एवढंच म्हणाला. हातातलं ते गारठणं आता छातीकडे सरकतंय.

मी रडले. शपथ घेतली. खरी घेतली.

बाहेर पडून स्वारगेटची बस धरली. बसमध्ये मला काय वाटत होतं ते लिहायला हात धजत नाही. लिहिते. मला वाटत होतं, हेसुद्धा याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. माफ करणं.

६ मार्च, गुरुवार

त्याच्या पत्राची गोष्ट सगळ्या संस्थेला कळलीय. केवढं मोठं मन, सगळे म्हणतात. निबंध माझ्या नावाने जाणार आणि लोक त्याचं नाव घेणार.

नागोराव मला बोलवायला वर आले. म्हणाले, “आलिमा मॅडम, जरा खाली चला. सुई उचललेली हाय, मी स्वतः उचलली. तरी मीटर शून्यच दाखवतंय.”

गेले. पिंप उघडं, खोलीइतकंच गरम. सुई स्फटिकापासून बोटभर वर. मध्ये नुसती हवा. वीज जायला वाटच नाही, मीटरने जोड तुटल्याची खूण दाखवायला हवी. दाखवतंय ०.०००.

तारा बदलल्या. मीटर बदललं. ०.०००.

आता तन्वीर खोलीत असायचीही गरज नाही. पिंपाशी काही संबंध उरलेला नाही. सुईशी नाही. स्फटिकाशीही—

चाचांचा फोन. छातीपर्यंत पोचलं.

७ मार्च, शुक्रवार, सकाळी नऊ

खाली बसलेय. एकटी. नागोरावांना घरी पाठवलं, हडपसरला पोचले असतील.

एक कळलंय. हा आकडा माझा आहे. मला तन्वीरचा हेवा वाटायचा थांबला की रोध परत येईल. हेवा आहे तोवर अडवायला काही नाही. समोर मीटर आहे, खोटं बोलून चालणार नाही. माझ्या मनातलं मला चार आकड्यांत दिसतंय.

फक्त हेवा करणं थांबवायचं. एवढंच. एका माणसाचा जीव आहे.

करतेय. तन्वीर गुणी आहे. तन्वीरने मला स्फटिक दिले. तन्वीर माझ्या भावासारखा—

०.०००

दहा वाजता

नमाज पढले, इथेच, फरशीवर. त्याच्यासाठी मागितलं. मनापासून मागितलं. डोळे उघडले—

०.०००

मनापासून नव्हतं मग. मीटरला कळतं. मला का कळत नाही?

साडेअकरा

अम्मीला फोन केला. काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की मी लहानपणी कशी होते. ती म्हणाली, शेजारच्या मुलीला बाहुली आणली तेव्हा तू दोन दिवस जेवली नाहीस. हसत सांगत होती. लाडाने—

मी अशीच आहे का. पहिल्यापासून—

बारा पाच

त्याचे हात आठवले. हात नाही, तो. टेबलावर थापा मारणारा. माझ्या आलेखासाठी. त्याचा स्वतःचा आलेख भिंतीवर असताना. एकटा, डाव्या हाताने—

पहिल्यांदाच मला त्याच्याबद्दल नुसतं बरं वाटलं. मी मध्ये नव्हतेच—

०.००४

०.०३१

चढतोय. या अल्ला, चढतोय!

०.२

बारा वीस

चाचांचा फोन. रडत होते. त्याने बोटं हलवली, दोन बोटं! छाती गरम लागतेय. डॉक्टर, नर्स सगळे खोलीत. मॅडमसुद्धा. मॅडम रडल्या म्हणे. मॅडम!

१.७

सगळी संस्था त्याच्यासाठी दुआ मागतेय, चाचा म्हणाले. गेटवरचे रखवालदारसुद्धा. अशी माणसं नशिबाने मिळतात, बेटा—

हो, चाचा. खरंय.

इथे खाली कुणीच नाही. सकाळपासून मी उपाशी, तहानलेली, त्याला वाचवतेय, आणि कुणालाही माहीत— मी असते त्या खाटेवर तर मॅडम आल्या असत्या? कुणी—

०.९

नाही नाही नाही

०.३

तन्वीर चांगला आहे. तन्वीर चांगला आहे. त्याचं भलं—

०.०२

थांब. थांब ना. बरं वाटलं होतं आत्ता, तेच परत— थापा मारत होता, टेबलावर, आठव—

०.०००

फोन वाजतोय. अमीनचाचा.

उचलत नाही. आधी आकडा. एकदाच वर येऊ दे, मग उचलते— मला त्याचा हेवा नाही, मला त्याचा हेवा नाही, मला त्याचा